पान बदललं, पण सांगितलं कुणी?

माझा आतेभाऊ अमळनेरला राहतो. घरात त्याला सगळे बापू म्हणतात. त्याला जन्मापासून दिसत नाही. बी.ए. झालाय, स्पर्धा परीक्षा देतो आणि कीबोर्डवर त्याची बोटं माझ्यापेक्षा वेगात चालतात. मागच्या उन्हाळ्यात एका भरतीचा ऑनलाइन अर्ज भरताना त्याचा फोन आला. "दादा, मी जिल्हा जळगाव निवडला, पण खाली तालुकाच नाही. नुसतं 'तालुका निवडा' म्हणतंय, पुढे काहीच नाही."

मी जळगावात माझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडलं. जळगाव निवडल्यावर क्षणभर एक गोल चक्र फिरलं आणि तालुक्याच्या यादीत जिल्ह्याचे 15 च्या 15 तालुके हजर झाले. सगळ्यात वर अमळनेर. मला जे डोळ्यांसमोर दिसत होतं, ते त्याच्यासाठी झालेलंच नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ फोनवर होतो, तेवढ्यात त्याच्या बाजूला पान भरायला दिलेला वेळ संपला आणि साइटने त्याला बाहेर काढलं. नाव, जन्मतारीख, शिक्षण, सगळं पुन्हा पहिल्यापासून. फोनवर तो एवढंच म्हणाला, "काय व्हयनं, माले समजनंच नही."

नेमकं काय झालं होतं, हे समजून घ्यायची सध्या चांगली वेळ आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं आणि 20 निर्देश दिले. त्या सुनावणीत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींसोबत एका दृष्टिहीन व्यक्तीचीही याचिका होती. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती बहुतेक ई-केवायसीची, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटण्याच्या अटीची. ती व्हायलाच हवी होती. पण बापूसारख्यांना रोज अडवणारी गोष्ट याहून साधी आहे आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही: पान डोळ्यांदेखत बदलतं आणि कानाला त्याचा पत्ताच लागत नाही.

स्क्रीन रीडर स्क्रीन बघतच नाही

स्क्रीन रीडर म्हणजे संगणकावरचा किंवा फोनवरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर जॉज आणि एनव्हीडीए ही दोन नावं जास्त ऐकू येतात. ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर असतो, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक. जॉज विकत घ्यावं लागतं आणि महाग पडतं. एनव्हीडीए फुकट आहे. 2006 मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने ते लिहायला सुरुवात केली. दिसणाऱ्याला जे संगणकाबरोबर आपोआप मिळतं, त्यासाठी न दिसणाऱ्याने वेगळे पैसे का मोजायचे, हा त्याचा प्रश्न होता. आज अमळनेर, शहादा, साक्रीच्या मुलामुलींच्या घरात स्क्रीन रीडर बोलतो तो बहुधा याच माणसाच्या हट्टामुळे.

नावावरून वाटतं की हे सॉफ्टवेअर स्क्रीनकडे बघून वाचत असेल. तसं नाही. त्याला रंग, चित्रं, गोल फिरणारं चक्र यातलं काही दिसत नाही. ब्राउझर कुठलंही पान दाखवतो तेव्हा पडद्यामागे त्या पानाची एक यादी तयार करतो: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही लिंक, हे बटण, हा रिकामा खाना आणि त्याचं नाव 'तालुका'. यादी म्हटलं तरी ती वंशावळीसारखी असते, कोण कुणाच्या पोटात ते सांगणारी. स्क्रीन रीडर वाचतो ती ही वंशावळ.

त्यात आणखी एक टप्पा आहे. एनव्हीडीए आणि जॉज त्या यादीवरून पानाची स्वतःची एक सलग प्रत करून घेतात, एखादी वही उतरवून घ्यावी तशी. बापू बाणांच्या कळा दाबत फिरतो तो त्या वहीत. 'एच' दाबलं की पुढचं शीर्षक, 'बी' दाबलं की पुढचं बटण, 'के' दाबलं की पुढची लिंक. आवाज इतक्या वेगात ठेवलेला असतो की शेजारी बसलेल्या मला एक शब्द कळत नाही. तो मात्र आरामात ऐकत असतो.

ही वही डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं आहे. अडचण एवढीच आहे, की मूळ पान बदलल्यावर वहीत काय होतं आणि वही वाचणाऱ्याला काय कळतं.

आधी पान एकदा आलं की आलं

सुरुवातीच्या वेबवर हा प्रश्न आजच्याइतका टोकदार नव्हता. लिंक दाबली की नवं पान यायचं, स्क्रीन रीडर नवी वही करायचा आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागायचा. छापील वर्तमानपत्रासारखं. सकाळी आलं ते संध्याकाळपर्यंत तेच.

मग पान न बदलता पानाचा तुकडा बदलायची सोय आली. 2004 चं जीमेल, 2005 चे गुगल मॅप्स यांनी ती घराघरांत पोहोचवली आणि 2005 मध्येच या तंत्राला 'एजॅक्स' हे नाव मिळालं. आज साध्या साध्या साइटवरही हेच चालतं. शोधाच्या खान्यात दोन अक्षरं लिहिताच खाली सूचना उघडतात. वस्तू टोपलीत टाकली की कोपऱ्यातला आकडा 2 चा 3 होतो. पासवर्ड चुकला की खान्याखाली लाल ओळ येते. पान तेच, पत्ता तोच, आतलं बदललेलं.

बाजार समितीतला भावाचा फळा डोळ्यांसमोर आणा. आप्पांना वाचता येत नाही, म्हणून नातू शेजारी उभं राहून फळा वाचून दाखवतोय. कापूस झाला, मका झाला, आता तो ज्वारीवर आहे. तेवढ्यात कुणीतरी येऊन वरचा कापसाचा भाव पुसून नवा लिहिला. गर्दीतल्या सगळ्यांनी वर पाहिलं. नातू ज्वारीच वाचतोय. आप्पा जुन्या भावावर गाडी खाली करायला निघतात. यात नातवाची चूक नाही, त्याला खालच्या ओळी वाचायला सांगितलं होतं. आप्पांची तर नाहीच.

बापूच्या अर्जात काय काय घडलं

नंतर एका रविवारी मी अमळनेरला गेलो आणि त्याच्याशेजारी बसून तोच अर्ज पुन्हा भरला. या वेळी मी पडद्याकडे पाहत होतो आणि तो ऐकत होता.

जिल्ह्याच्या यादीत तो खालच्या बाणाने उतरत गेला. गडचिरोली, गोंदिया, हिंगोली, जळगाव. मी माऊसने थेट जळगाव टिपलं होतं. त्याला वाटेतला प्रत्येक जिल्हा ओलांडावा लागला आणि पान मूर्खासारखं प्रत्येक जिल्ह्यावर थांबून त्याचे तालुके मागवत होतं. गडचिरोलीचे आले, गेले. गोंदियाचे आले, गेले. जळगाववर पोहोचून त्याने टॅब दाबला, तेव्हा तालुक्याची यादी नुकतीच रिकामी होऊन नवी येत होती. त्या अर्ध्या-एक सेकंदात तो खान्यावर पोहोचला होता. खाना म्हणाला, "तालुका निवडा." खाली बाण दाबला, पुढे काही नाही. मग तालुके आले. ते आल्याचं कुणीच बोललं नाही.

पुढचं जास्त वाईट होतं. तालुके येताना त्या साइटने नुसती यादी भरली नव्हती, अर्जाचा तो अख्खा भाग काढून नव्याने मांडला होता. बापू ज्या खान्यावर उभा होता तो खानाच नाहीसा झाला आणि त्याच्या जागी हुबेहूब दुसरा आला. डोळ्यांना फरक दिसत नाही. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने मात्र पायाखालची फळी काढली गेली. अशा वेळी तो पानाच्या अगदी सुरुवातीला जाऊन पडतो. "मुख्य मजकुराकडे जा, लिंक. अक्षरांचा आकार, बटण." पुन्हा सगळं मेन्यू ओलांडत खाली यायचं.

इथे 'फोकस' हा शब्द सांगून टाकतो, पुढे लागेल. कीबोर्ड या क्षणी पानावरच्या ज्या वस्तूशी बोलतोय, तिथे फोकस आहे असं म्हणतात. दिसणाऱ्याला तो चौकटीच्या रूपात दिसतो. बापूसाठी फोकस म्हणजे तो उभा आहे ती जागा. ती हरवली की तो हरवला.

भुसावळ जंक्शनवरचा भोंगा

आता उपाय. भुसावळ स्टेशनवर गाडी तीनऐवजी पाचवर येणार असेल तर काय होतं? पाटीवर आकडा बदलतो आणि त्याबरोबर भोंग्यावर घोषणा होते. पाटी न बघणाराही उठून चालायला लागतो. वेबपानासाठी असाच भोंगा बसवायची सोय आहे. त्याला 'लाइव्ह रीजन' म्हणतात. पानाचा एखादा भाग 'लाइव्ह' म्हणून नोंदवला, की त्यातला मजकूर बदलताच ब्राउझर स्क्रीन रीडरला खबर देतो आणि स्क्रीन रीडर तो मजकूर बोलतो. वापरणारा पानावर दुसरीकडे कुठेही असला तरी. त्याचा फोकस जागचा हलत नाही.

ही सोय 'एरिया' नावाच्या नियमावलीत आहे. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिची पहिली आवृत्ती 2014 मध्ये अधिकृत केली. म्हणजे ही काही काल आलेली, अजून कुणाला माहीत नसलेली गोष्ट नाही. पान बनवणाऱ्याला बहुतेक वेळा एका ओळीत एक शब्द वाढवावा लागतो.

भोंग्याचे दोन स्वभाव असतात. एक 'पोलाइट', म्हणजे आदबीचा. स्क्रीन रीडर चालू वाक्य पूर्ण करतो आणि मग निरोप सांगतो. घरात मोठी माणसं बोलत असताना दारात थांबून, त्यांचं बोलणं झाल्यावर "आत्या, चहा ठेवलाय" म्हणावं तसं. दुसरा 'असर्टिव्ह'. तो बोलणं मध्येच तोडतो. गोठ्याला आग लागली तर कुणी दारात थांबत नाही. 15 तालुके आले, हा निरोप आदबीचा. 'पैसे भरताना व्यवहार फसला' हा तोडून सांगायचा.

पण भोंगा बसवण्यातही बारकावे आहेत आणि काम बिघडतं ते बहुधा तिथेच. पहिला बारकावा असा, की भोंगा आधीपासून टांगलेला हवा. पान उघडताना तो भाग रिकामा का होईना, हजर असला पाहिजे आणि निरोप नंतर त्यात पडला पाहिजे. बरेच जण भोंगा आणि निरोप एकदमच आणून ठेवतात. स्क्रीन रीडर त्या भागावर लक्ष ठेवायला लागायच्या आत निरोप येऊन गेलेला असतो, म्हणून कित्येकदा तो गप्प राहतो. बनवणारा डोकं धरून बसतो, की मी तर नियमाप्रमाणे केलं.

दुसरा बारकावा मला बापूनेच दाखवला. ओटीपी चुकला, साइट म्हणाली, "ओटीपी चुकीचा आहे." त्याने पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. या वेळी शांतता. त्याला वाटलं बरोबर आला. झालं होतं असं, की भोंगा मजकूर बदलला तरच बोलतो. पहिला निरोप न पुसता तोच पुन्हा लिहिला, तर बदललं काहीच नाही. आधी पुसून मग लिहिलं असतं, तर तो बोलला असता.

तिसरा बारकावा अर्धवट निरोपाचा. टोपलीतल्या '2 वस्तू' चं '3 वस्तू' झालं, तर स्क्रीन रीडर कधीकधी फक्त बदललेला तुकडा वाचतो: "तीन." कसले तीन? बदल झाला की पूर्ण वाक्य वाच, अशी वेगळी सूचना देता येते. ती द्यायची आठवण फार थोड्यांना असते.

चौथी गोष्ट भोंग्याची उपजत मर्यादा आहे. घोषणा हवेत विरते. निरोप चालू असताना बापूने कुठलीही कळ दाबली की आवाज थांबतो आणि तो निरोप सहज निसटून जातो. म्हणून महत्त्वाची गोष्ट नुसती बोलून भागत नाही, ती पानावर लिहिलेलीही राहायला हवी. तीन-चार सेकंदांत विरघळणाऱ्या त्या काळ्या पट्ट्या, 'अर्ज जतन झाला' वगैरे सांगणाऱ्या, म्हणूनच मला पटत नाहीत. आवाज चुकला तर शोधायला मागे काही उरतच नाही. माझ्या आईलाही त्या वाचून होत नाहीत आणि तिला उत्तम दिसतं.

मग सगळंच बोलून दाखवलं तर?

हा प्रश्न मी बापूला विचारला आणि त्याने उत्तराऐवजी एक पान उघडून दिलं. ओटीपीचं पान. कुणीतरी भल्या मनाने 'उरलेला वेळ' दाखवणारं घड्याळ लाइव्ह केलं होतं. "30 सेकंद. 29 सेकंद. 28 सेकंद." फोनवर आलेला सहा आकडी ओटीपी टॉकबॅक सांगतोय, संगणक सेकंद मोजतोय आणि बापू मधे बसून आकड्यांतून आकडे निवडतोय. चार, सात, 24 सेकंद, एक. मला दोन मिनिटांत डोकं उठलं. त्याच्यासाठी हे रोजचं.

एरियाच्या नियमावलीत घड्याळासाठी वेगळी नोंद आहे आणि ती आपणहून बोलत नाही, ती याच कारणाने. वेळेबद्दल वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे साइट अपंग व्यक्तींनाही वापरता यावी यासाठीचे, नियमही स्पष्ट आहेत. त्यांना डब्ल्यूकॅग म्हणतात. मुदत संपण्याआधी वापरणाऱ्याला सांगा आणि एखादी कळ दाबून ती वाढवून घ्यायला किमान 20 सेकंद द्या. बापूला बाहेर काढणाऱ्या अर्जाने यातलं काहीच केलं नव्हतं.

म्हणजे खरं कौशल्य निवडीत आहे. क्रिकेटच्या पानावर प्रत्येक चेंडू बोलायचा की फक्त विकेट? गप्पांच्या खिडकीत समोरच्याचा संदेश बोलायचा, पण 'टाइप करत आहे' बोलायचं का? स्क्रीन रीडरला बदल कळू शकतो, त्याचं महत्त्व कळू शकत नाही. ते फक्त पान बनवणाऱ्याला माहीत असतं. या सगळ्या विषयातली माझ्या मते ही मुख्य गोष्ट आहे. उरलेलं सगळं तांत्रिक.

जिथे भोंगा उपयोगाचा नाही

काही बदल सांगून भागत नाहीत, माणसाला तिथे घेऊन जावं लागतं. 'अर्ज रद्द करायचा का? होय, नाही' अशी चौकट पानावर उघडली, तर फोकस त्या चौकटीत गेला पाहिजे, मागचं पान तेवढ्यापुरतं बंद झालं पाहिजे आणि चौकट मिटली की फोकस ज्या बटणावरून निघाला होता तिथेच परतला पाहिजे. यातलं काही झालं नाही, तर दिसणाऱ्यासमोर चौकट असते आणि बापू मागच्या झाकलेल्या अर्जात फिरत राहतो. त्याच्या दृष्टीने बटण दाबून काहीच झालेलं नसतं. म्हणून तो पुन्हा दाबतो.

आताच्या अनेक साइट मुळात एकाच पानाच्या असतात. 'संपर्क' दाबलं की आतला सगळा मजकूर बदलतो, ब्राउझरच्या लेखी मात्र नवं पान आलेलंच नसतं. त्यामुळे स्क्रीन रीडर नवं नाव सांगत नाही, वरून वाचायला लागत नाही. अशा वेळी पानाचं नाव बदलायचं आणि फोकस नव्या मुख्य शीर्षकावर नेऊन ठेवायचा. काम एवढंच. खाली सरकेल तसा नवा मजकूर ओतत राहणारी पानं त्याहून त्रासाची, कारण तळाशी असलेला संपर्काचा पत्ता कधी हातीच लागत नाही. त्यापेक्षा 'आणखी दाखवा' असं साधं बटण बरं.

बटणावरून आठवलं. बटण हे बटणच असावं. बरेच जण नुसत्या चौकोनाला रंग देऊन त्याला बटणाचं रूप देतात. माऊसने ते चालतं, पण ब्राउझरच्या त्या वंशावळीत त्याची नोंद 'बटण' अशी नसते. एरिया वापरण्याचा पहिला नियमच असा आहे, की साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या मूळ भाषेत, ती वस्तू तयार असेल तर तीच वापरा, एरिया लावू नका. चुकीचं एरिया लावण्यापेक्षा अजिबात न लावलेलं बरं, असं नियमावलीचे कर्तेच बजावतात. कारण एरिया ही नुसती पाटी आहे. चौकोनावर 'बटण' लिहिल्याने तो बटणासारखा वागायला लागत नाही.

आणि पान मराठी असेल तर त्याच्या मुळाशी भाषा मराठी आहे अशी नोंद करा. मराठी साइटच्या मुळाशी इंग्रजीची नोंद तशीच राहिलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. मग काही आवाज देवनागरी अक्षरं सरळ गाळून टाकतात आणि निरोप येऊनही ऐकू येतो फक्त त्यातला आकडा.

"सॉफ्टवेअरनेच शहाणं व्हावं की"

जळगावात साइट बनवणाऱ्या मित्रांशी बोलताना हा आक्षेप हमखास येतो. एवढं एआय आलंय, पडद्याचं चित्र बघून तेच सांगेल ना काय बदललं?

चित्राचं वर्णन करण्यात ते आज खरंच उपयोगी पडतं, बापू फोटोंसाठी ते वापरतोही. पण अर्ज भरताना त्याला 'पडद्यावर बहुधा एक यादी दिसते आहे' असं उत्तर नको असतं. तालुका भरला गेला की नाही, याचं नक्की उत्तर हवं असतं आणि ते त्याच क्षणी हवं असतं. ते उत्तर साइटपाशी आधीच तयार आहे. 15 तालुके तिनेच मागवले, तिनेच मांडले. जिला माहीत आहे तिने एक वाक्य बोलायचं नाही आणि तिसऱ्याने चित्र बघून अंदाज करायचा, हा उलटा प्रवास आहे. शिवाय आधार, पॅन, बँकेचा तपशील असलेलं पान चित्र करून दुसरीकडे पाठवायचं का, हा प्रश्न राहतोच.

याचाच भाऊ म्हणजे साइटवर एक चिन्ह चिकटवून 'आता आमची साइट सुगम्य' म्हणणं. अक्षरं मोठी करा, रंग उलटे करा, अशी ती पट्टी असते. ज्याच्याकडे स्क्रीन रीडर आहे त्याला तिचा उपयोग जवळपास शून्य. तालुके आल्याचं ती पट्टी सांगत नाही.

"एवढ्या थोड्या लोकांसाठी?"

2011 च्या जनगणनेत भारतात दृष्टीचं अपंगत्व असलेल्या व्यक्ती 50 लाखांहून अधिक नोंदल्या गेल्या. ही संख्या थोडी नाही. आणि थोडी असती तरी काय? 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा संख्या बघून हक्क देत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुढे नेलं: सुगम्यतेचे मानदंड नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

संख्येचा प्रश्न मी उलटा विचारेन. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख साइटची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. 2025 मध्ये त्यातल्या 94.8 टक्के पानांवर सुगम्यतेच्या चुका सापडल्या. आणि यंत्राला सापडतात त्या फक्त स्थिर पानावरच्या चुका. निरोप बोलला गेला का, फोकस परत आला का, हे यंत्राला सहसा कळत नाही. त्यासाठी कुणीतरी कानाने पान वापरून बघावं लागतं.

"मग त्यांच्यासाठी वेगळी साधी साइट द्या"

असे प्रयोग झालेत. वेगळी साइट वर्षभरात मागे पडते. मूळ साइटवर नवी जाहिरात लागते, साध्या साइटवर गेल्या वर्षीचीच राहते. बापूला वेगळा दरवाजा नको आहे. जो दरवाजा आहे त्याची कडी हाताला लागावी, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

तक्रार लिहायची कशी

त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून त्या साइटच्या मदत कक्षाला पत्र लिहिलं. याआधी बापूने दोनदा लिहिलं होतं, 'तुमची साइट अंधांना चालत नाही' असं. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'आमच्याकडे साइट व्यवस्थित चालते आहे.' त्यांच्याकडे ती चालतच होती, त्यांचं खोटं नव्हतं.

या वेळी आम्ही घडलेलं जसंच्या तसं लिहिलं. कुठला ब्राउझर, एनव्हीडीएची कुठली आवृत्ती. 'जिल्ह्याच्या यादीत बाणाने जळगाववर आलो. टॅब दाबला. तालुक्याची यादी भरल्याचं सांगितलं गेलं नाही. फोकस पानाच्या सुरुवातीला गेला.' आणि खाली काय व्हायला हवं तेही: 'यादी भरल्यावर "15 तालुके उपलब्ध" असा निरोप आदबीच्या लाइव्ह रीजनमध्ये द्यावा. अर्जाचा भाग नव्याने मांडू नये, फक्त यादी भरावी.' डब्ल्यूकॅगच्या 2018 च्या आवृत्तीतला 4.1.3 हा नियम नेमका अशाच निरोपांसाठी आहे, म्हणून त्याचा क्रमांकही टाकला. एनव्हीडीएमध्ये स्पीच व्ह्यूअर नावाची खिडकी असते. स्क्रीन रीडर जे बोलतो ते तिथे अक्षरांत उमटतं. त्यातला मजकूर जसाच्या तसा पत्राला जोडला. दिसणाऱ्या माणसाला कानावर विश्वास ठेवावा लागला नाही, त्याने वाचलं.

तुम्ही साइट बनवत असाल तर हीच खिडकी उघडून, माऊस बाजूला ठेवून, स्वतःचा एक अर्ज भरून बघा. पहिल्या वेळी तासभर जाईल.

पत्राला सात आठवड्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. पुढच्या भरतीच्या वेळी बापूने मला फोन लावला आणि काही न बोलता तो लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धरला. गडचिरोली, गोंदिया, हिंगोली, जळगाव. मग थोडी शांतता. मग त्याच्या त्या भरधाव आवाजात, मलाही कळेल असं, "15 तालुके उपलब्ध." त्याने खाली बाण एकदाच दाबला. "अमळनेर."

ओटीपीचं घड्याळ अजून सेकंद मोजतंच आहे. त्याचं पत्र या आठवड्यात लिहायचं आहे.